पिंप्राळ्यात थांबलेला ठिपका

धुळ्याच्या देवपुरात राहणारे पितांबर नाना सेवानिवृत्त होऊन आठ वर्षे झाली होती, आणि त्यांपैकी शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी कोणत्याही गोष्टीची वाट पाहिली नव्हती. पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाने, हितेंद्राने, त्यांना नवा मोबाइल आणून दिला, दोन दिवस शेजारी बसून शिकवला आणि तो निघून गेला. शिष्य गुरूच्या पुढे जातो म्हणतात, तसे नाना महिन्याभरात मुलाच्याही पुढे गेले. औषधे दारात येऊ लागली. भाजी, दळण, पायमोजे, दिवाळीचा फराळ, एवढेच काय, सप्तशृंगीच्या प्रसादाची पुडीसुद्धा पाकिटात बंद होऊन दारात आली. नानांनी ती डोळ्यांना लावली आणि ती आणणाऱ्याला मोबाइलवर पाच तारेही दिले. देवीच्या प्रसादाला तारे देण्याचा हा प्रसंग त्यांच्या कुळात पहिलाच असावा.

या व्यवस्थेमुळे नानांचा पुष्कळ वेळ वाचला. तो वेळ ते पुढची वस्तू कुठवर आली आहे हे पाहण्यात घालवीत. पडद्यावर एक काळा ठिपका हळूहळू सरकत घराकडे येई. त्याकडे पाहताना नानांच्या मुखावर जी तृप्ती उमटे, ती पूर्वी त्यांच्या वडिलांच्या मुखावर सायंसंध्येनंतर दिसत असे.

वैशाख उजाडला आणि आखाजी दोन दिवसांवर आली.

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण आहे. झाडाला झोके बांधले जातात, गौराई बसते, आमरसाची पातेली भरतात. सासरी नांदणारी लेक मात्र आपली आपण निघून माहेरी येत नाही, तिला आणायला माहेराहून माणूस जावा लागतो. त्या माणसाला मुराळी म्हणतात, अहिराणीत मुराई. सख्खा भाऊ असला तर तोच जातो. मुराळ्याने बहिणीच्या दारात पाय धुवावेत, तिच्या हातचे जेवावे, सासरच्या वडीलधाऱ्या माणसाने 'ने' म्हणावे आणि मगच बहिणीने उंबरा ओलांडावा. नानांची थोरली बहीण पुष्पाबाई, म्हणजे त्यांची अक्का, जळगावला पिंप्राळ्यात दिलेली. तिचे लग्न झाले तेव्हा नाना अकरा वर्षांचे होते. त्या वर्षापासून त्रेपन्न आखाज्या तेच तिचे मुराळी होते. आधी एस.टी.ने, मग स्कूटरवर, पुढे हितेंद्राच्या मोटारीने. तिचा नवरा वारला त्या वर्षीही ते गेले होते.

या प्रवासाला एक मुक्काम होता. परतताना पारोळ्याच्या पुढे, लिंबाखाली, एक रसवंती लागे. तिथे अक्का थांबायला लावी. उसाचा रस पिता पिता ती बोले. पहिल्या ग्लासात घरचे बोले, दुसऱ्या ग्लासात मनातले. तिचे पहिले मूल गेल्याचे दुःख नानांनी तिथेच ऐकले. सासूने, इंदिराबाईंनी, तीन वर्षे तिच्याशी अबोला धरल्याचे तिथेच कळले. सासरी हे बोलण्याची सोय नव्हती, आणि माहेरी पोहोचल्यावर सणाच्या घरात रडायचे नसते. दोन्ही घरांच्या मधला तो अर्धा तास वर्षभरात तिचा एकटीचा होता. नाना फारसे बोलत नसत. ते 'हं' म्हणत आणि रसवंतीवाल्याला आणखी एक ग्लास सांगत. एवढ्यानेच तिचे भागत असे, असे दिसते.

दोन वर्षांपूर्वी नानांचा गुडघा दुखावला. त्या आखाजीला त्यांनी भाच्याला फोन करून अक्काला पाठवून द्यायला सांगितले, तर अक्काने आपल्याला बरे नसल्याचे कळवले. गेल्या वर्षी नानांनी अंगणातला झोका मोबाइलवर तिला प्रत्यक्ष हलताना दाखवला. अक्काने तो पाहिला, छान आहे म्हणाली आणि फोन ठेवला. नानांना वाटले, सण साजरा झाला. त्यांच्या पत्नीला, ललिताबाईंना, तसे वाटले नाही. पण त्या बोलल्या नाहीत.

या वर्षी नानांना एक युक्ती सुचली आणि तिच्या साधेपणाने ते स्वतःच स्तिमित झाले. त्यांनी पिंप्राळ्याहून देवपूरपर्यंत टॅक्सी ठरवली. बोटाने चार ठिकाणी स्पर्श केला आणि त्रेपन्न वर्षांचे कर्तव्य दीड मिनिटात पार पडले. मग त्यांनी अक्काला फोन केला.

"अक्का, मुराई धाडी दिना."

अक्काने विचारले, "कोनले धाडं?"

"दारवर येई, देखजो." मग त्यांनी तिला चार आकडे सांगितले आणि येणाऱ्या माणसाला ते सांगायला बजावले. त्यांशिवाय गाडी चालू होत नाही, हेही समजावले. अक्काने ते पंचांगाच्या मागे लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ठिपका पिंप्राळ्यात अक्काच्या दारात पोहोचला. नानांनी हिशेब केला. दहा मिनिटांत अक्का बसेल, साडेअकराला दारात उतरेल. त्यांनी ललिताबाईंना आंबे पिळायला घ्यायला सांगितले आणि स्वतः ओट्यावरच्या खुर्चीत मोबाइल घेऊन बसले.

साडेनऊ झाले. ठिपका हलला नाही. पावणेदहाला नानांनी मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला, कारण यंत्राला कधी कधी असे जागे करावे लागते. यंत्र जागे झाले, पण ठिपका झोपलेलाच होता. दहा वाजता त्यांनी अक्काला फोन लावला. तो कोणी उचलला नाही. सव्वादहाला त्यांनी चालकाला लावला. त्याचे नाव अभिमन असल्याचे मोबाइलने कळवलेच होते.

"नाना, जेवायला बसलोय," अभिमन हळू आवाजात म्हणाला.

नानांनी त्याला विचारले की सकाळी सव्वादहा ही जेवणाची कोणती वेळ, आणि हे जेवण कोणाच्या घरी चालले आहे.

"तुमच्याच अक्कांच्या. दारात गेलो तर पाय धुवायला तांब्या पुढे केला. मी म्हटलं, आकडे सांगा. त्या म्हणाल्या, आकडे जेवण झाल्यावर. मग नाही कसं म्हणू? पन्नाशीच्या माणसाला इतक्या मानाने पाट कोण मांडतं?"

नानांनी फोन अक्काला द्यायला सांगितला. ती स्वयंपाकघरातून आली. तिच्या आवाजात चुलीजवळून उठून आल्याचा उबारा होता. नानांनी तिला समजावले की हा भाड्याच्या गाडीचा चालक आहे, पाहुणा नव्हे. त्याला घराबाहेर थांबवायचे आणि आपण गाडीत बसायचे, एवढेच अपेक्षित असते.

"तूच सांगं ना मुराई शे म्हनून," अक्का म्हणाली. "उपाशी मुराईसंगे कोनी बहीन निंघस का, भाऊ?"

शब्द त्यांचाच होता, आणि त्यांनी तो सोयीचा म्हणून वापरला होता.

पुढचा दीड तास त्यांनी ज्या रीतीने काढला, ती त्यांच्या आयुष्यात नवी होती. ते उठून फाटकापर्यंत जात, रस्त्याकडे पाहत, परत येऊन मोबाइल पाहत. ठिपका सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर आहे हे पडद्यावर दिसत असूनही त्यांना फाटकापर्यंत का जावेसे वाटे, हे त्यांना सांगता आले नसते. मोबाइलने मध्येच विचारले की आपला प्रवास खोळंबलेला दिसतो, आपण सुरक्षित आहात ना. नानांनी 'होय' दाबले. मग त्यांना उगाच वाईट वाटले, की हे विचारणारे एक यंत्रच निघाले.

पिंप्राळ्यात काय चालले होते, ते त्यांना नंतर कळले. जेवण झाल्यावर अभिमनला ब्याण्णव वर्षांच्या इंदिराबाईंसमोर बसवण्यात आले. 'ने' म्हणण्याचा अधिकार त्यांचा. तो त्या गेली दोन वर्षे मनात धरून बसल्या होत्या. त्यांनी अभिमनला गाव विचारले, कूळ विचारले, आई-बाप विचारले, आणि मग तुला बहीण आहे का म्हणून विचारले. अभिमनला रत्ना नावाची धाकटी बहीण होती, चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका खेड्यात दिलेली. मग या आखाजीला तिला कोण आणणार, असे म्हातारीने विचारले. अभिमन खाली पाहून म्हणाला की आखाजीचे चार दिवस गाडीला सर्वांत जास्त मागणी असते. लोक बहिणींना आणायला गाड्या ठरवतात. त्यामुळे सहा वर्षे त्याला स्वतःच्या बहिणीकडे जायला जमले नाही.

म्हातारीने हे सगळे ऐकून घेतले. मग तिने 'ने' म्हटले. ते कोणाला नेण्याविषयी होते, अक्काला की रत्नाला, याविषयी पुढे अभिमन आणि अक्का यांच्यात एकमत झाले, आणि नानांचे मत कोणी विचारले नाही.

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी ठिपका हलला. नानांनी आत हाक मारून आमरसात वेलची टाकायला सांगितले. ललिताबाई हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून पडद्यात डोकावल्या. ठिपका पिंप्राळ्यातून निघाला, शहरातून फिरला आणि पश्चिमेला वळण्याऐवजी उत्तरेला लागला. तापीच्या पुलाकडे. ललिताबाई म्हणाल्या, फोन चुकला असेल. नाना म्हणाले, फोन चुकत नाही. त्या वाक्यातली श्रद्धा अढळ होती. त्यामुळे ठिपक्याने तापी ओलांडली तेव्हा चूक अक्काचीच असणार, हे ओघानेच सिद्ध झाले.

त्यांनी फोन लावला. या वेळी अक्काने लगेच उचलला, जणू हातातच धरला होता. वाऱ्याचा आवाज येत होता. काच खाली केलेली असावी. तिने सांगितले की ती अभिमनच्या बहिणीला आणायला चोपड्याकडे निघाली आहे.

"त्यानी बहीन सहा सालपाईन वाट देखी ऱ्हायनी," ती म्हणाली. "सोतानी बहिनले लेवाले जो जास नही, तो मना मुराई कसा व्हई?"

तिच्या सुरात राग नव्हता. राग असता तर नानांना समजूत घालता आली असती. त्यांनी एवढेच विचारले, "मंग तू धुयाले कव्हय येशी?"

"मना मुराई उना का येसू. चोपड्याना स्टँडवर बठसू मी."

फोन बंद झाला. ओट्यावर ऊन पायांपर्यंत आले होते. नानांनी गुडघ्यावरून हात फिरवला आणि या गुडघ्याने चोपड्यापर्यंतचा प्रवास झेपेल का, असे पुटपुटले. ललिताबाईंनी दोन वर्षे जे पोटात ठेवले होते, ते आता एका वाक्यात बाहेर आले.

"मागला महिनामा याच गुडघावर सप्तशृंगीना गड चढी उनात तुम्ही. तुमना गुडघा जयगावना रस्तालेच दुखस."

नाना उठले. त्यांनी प्रथम, सवयीने, टॅक्सी शोधली. मोबाइलने नम्रपणे कळवले की आपल्या परिसरात सध्या एकही वाहन उपलब्ध नाही. धुळ्यातल्या समस्त भावांनी त्या दिवशी आपापले मुराळी आधीच रवाना केले होते. नानांनी तीनदा प्रयत्न केला, मग पिशवीत पाण्याची बाटली आणि एक टॉवेल टाकला. ललिताबाईंनी न सांगता त्यात सहा आंबे घातले, कारण मुराळी रिकाम्या हाताने जात नाही. मग ते रिक्षाने बसस्थानकावर गेले.

चोपड्याची बस लागली नव्हती. कधी लागेल, हे खिडकीतल्या माणसाने सांगितले नाही आणि मोबाइललाही माहीत नव्हते. नाना बाकावर बसले. शेजारी एक बाई मांडीवर गाठोडे घेऊन, दोघे शाळकरी भाऊ एकाच पिशवीवर हात ठेवून, एक म्हातारा चष्म्याला दोरा बांधून, असे सगळे बसची दिशा धरून बसले होते. कोणी त्रासलेले नव्हते. वाट पाहणे हे त्यांच्यासाठी एक कामच असावे, आणि ते सगळे ते नीट करीत होते. नानांना ते जमेना. ते उठत, बसत, पुन्हा उठत. शेवटी चष्मेवाल्या म्हाताऱ्याने त्यांना विचारले की पहिल्यांदाच एस.टी.ने चाललात का. नाना म्हणाले, नाही, पण फार वर्षांनी. म्हाताऱ्याने सहानुभूतीने मान हलवली, जशी तुरुंगातून किंवा परदेशातून परतलेल्यासाठी हलवतात.

बस शिरपूरमार्गे निघाली. वाटेत मोबाइल खिशात थरथरला. आपला प्रवास चालकाने रद्द केला आहे, असा संदेश होता, आणि खाली अनुभव कसा होता म्हणून पाच रिकामे तारे मांडलेले होते. नानांचे बोट त्यांच्यावर बराच वेळ तरंगत राहिले. मग त्यांनी मोबाइल पिशवीत, आंब्यांच्या खाली ठेवला.

चोपड्याला पोहोचले तेव्हा साडेचार वाजले होते. स्थानकाच्या बाहेरच्या कडुलिंबाखाली ती पांढरी गाडी उभी होती. तिच्या उघड्या दारात एक चाळिशीची बाई पाय बाहेर सोडून बसली होती. हातात नवा बांगड्यांचा चुडा, मांडीवर पाटी, चेहरा रडून मोकळा झालेला. ती रत्ना असावी. शेजारच्या दगडी कट्ट्यावर अक्का बसली होती आणि तिच्याशेजारी अभिमन, एखाद्या ठेवीची राखण करणाऱ्यासारखा ताठ. नानांना पाहताच तो उठला, वाकून पाया पडला आणि म्हणाला की तुम्ही येईपर्यंत यांना एकटे सोडणे मला प्रशस्त वाटले नाही. मग थोडे अडखळून, तक्रार करू नका, एवढे म्हणाला.

नाना अक्कासमोर उभे राहिले. दोन वर्षांत तिचे केस सगळे पांढरे झाले होते. मोबाइलच्या पडद्यावर हे कधी दिसले नव्हते, किंवा नानांनी तेव्हा झोक्याकडेच पाहिले असावे. ते हात पुढे करणार, तोच अक्काने चेहरा गंभीर केला.

"आकडा सांग. मंग उठसू."

रत्ना तोंडाला पदर लावून हसली. अभिमनही हसला. नानांना खरोखरच ते चार आकडे आठवले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक आंबा काढून बहिणीच्या ओंजळीत ठेवला. अक्काने तो हुंगला आणि उठली.

अभिमनची गाडी आपल्या गावाकडे गेली. धुळ्याच्या बसमध्ये भाऊ-बहिणीला पुढची, चालकामागची जागा मिळाली. उन्हे कलली होती. दोन्हीकडे केळीच्या बागा मागे पडत होत्या आणि सातपुड्याची निळी रेघ उजवीकडे त्यांच्याबरोबर चालली होती. या वाटेवर ती रसवंती नव्हती, आणि एस.टी. तशी कुठे थांबतही नाही. नानांनी तरीही आसनात जरा वळून, तिच्याकडे कान करून, त्रेपन्न वर्षांच्या सवयीची बैठक घेतली. दोन वर्षांचे साचलेले असेल. ते 'हं' म्हणायला सिद्ध झाले.

अक्का खिडकीबाहेर पाहत राहिली. शिरपूर दिसू लागले तरी ती बोलेना. अखेर नानांनीच विचारले की सासू कशी आहे, भाचा कसा आहे, आणि तू कशी आहेस.

"बठ्ठं अभिमनले सांगी दिनं," अक्का म्हणाली. तिने हे अपराध्यासारखे म्हटले नाही आणि टोमणा म्हणूनही नाही. सगळे बोलून झाले आहे, हे तिने संपलेली वस्तू संपली म्हणून सांगावे, तसे सांगितले. जळगाव ते चोपडा पुरेसा लांब रस्ता होता. तिला वाटले नव्हते की तिच्यात अजून इतके बोलणे असेल. मध्ये एका ठिकाणी गाडी थांबवून अभिमनने तिला रसही पाजला होता.

"काय म्हनं तो?" नानांनी विचारले.

"हं म्हनं."

नाना समोर चालकाच्या पाठीकडे पाहत राहिले. पाच तारे अजून रिकामेच होते. ज्या गोष्टीसाठी ते द्यावेत, ती गोष्ट अभिमनने खरोखरच नानांच्या वतीने, अक्काचा मुराळी म्हणून एका दिवसाचाही अनुभव नसताना, यथासांग पार पाडली होती.

तापीचा पूल आला. कोणीतरी नदीत नाणे टाकले. अक्का पुलाच्या कठड्यांकडे पाहत होती. कठडे संपले तेव्हा ती त्यांच्याकडे वळली.

"आते तू सांग."

असे तिने पूर्वी कधी म्हटले नव्हते. नानांनी तोंड उघडले आणि दोन वर्षांत आपले काय काय झाले ते आठवू लागले. औषधे वेळेवर आली होती. भाजी आली होती. पायमोजे मापाचे निघाले होते. एकही वस्तू हरवली नव्हती, एकीचीही वाट पाहावी लागली नव्हती. यातले बहिणीला सांगावे असे काय, हे ते शोधत राहिले, आणि नरडाणा गाव येईपर्यंत त्यांना काही सापडले नाही.

मग त्यांना सकाळ आठवली.

"मी तुनी वाट देखी," ते म्हणाले. "सकायना नऊ वाजून दहा मिनिटपाईन."

"कशी देखी?"

नानांनी सांगायला सुरुवात केली. ठिपका कसा आला, कसा थांबला, आपण फाटकापर्यंत कितीदा गेलो, यंत्राने सुरक्षित आहात का विचारले तेव्हा कसे होय म्हटले. ते तपशिलाने सांगत होते, कारण सांगण्यासारखे तेवढेच होते.

"ठिपका कितला व्हता?" अक्काने विचारले.

"मुंगीइतला."

अक्काने पदराने आंबा पुसला, खिडकीच्या दांडीवर डोके टेकले आणि डोळे मिटून म्हणाली, "हं."